संत्र्याचं तेल वाटीत शांत, फवाऱ्यात भडका: असं का?

प्रश्न असा होता: संत्र्याची ताजी साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दुमडली की ‘फर्रर्र’ करून पिवळा भडका उडतो, मग सालीचं तेल घरात ठेवणं पेट्रोल ठेवण्याइतकंच धोक्याचं आहे का? वर एकाने ‘सालीत अल्कोहोल असतं’ असं उत्तर दिलंय. पेटतं ते अल्कोहोल नव्हे. पेटतं ते लिमोनीन. कार्बनचे 10 आणि हायड्रोजनचे 16 अणू, ऑक्सिजन औषधालाही नाही. संत्र्याच्या सालीतल्या तेलाचा 90 टक्क्यांहून जास्त भाग हाच असतो, लिंबाच्या तेलात साधारण दोन-तृतीयांश. टर्पेंटाइनमधल्या पाइनीनचं सूत्रही हेच आहे, फक्त अणूंची जोडणी वेगळी. तेव्हा ते जळतं यात नवल काहीच नाही.

नवल पुढे आहे. हेच तेल वाटीत ओतून वर पेटती काडी धरली तर साध्या खोलीच्या तापमानाला ते सहसा पेट घेत नाही. द्रव स्वतः जळत नसतो, त्याची वाफ जळते, आणि ती वाफ हवेत पुरेशी असावी लागते. लिमोनीनसाठी हे किमान प्रमाण सुमारे 0.7 टक्के आहे. खोलीच्या तापमानाला तेलाच्या पृष्ठभागावर वाफ जेमतेम 0.2 टक्क्यांच्या आसपास जमते. तेल 48 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं की मग वाफ पुरेशी होते. यालाच फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे 40 च्या आसपास, म्हणजे ते बर्फातही ठिणगीची वाट बघत असतं. रॉकेलचा साधारण 38 च्या वर. या हिशेबाने संत्र्याचं तेल रॉकेलच्या पंगतीत बसतं, पेट्रोलच्या नाही.

मग सालीतून उडालेलं तेल क्षणात कसं पेटतं? तेल बदलत नाही, त्याचा आकार बदलतो. 1 मिलिलिटर तेलाचा एकच गोल थेंब केला तर त्याचं पृष्ठफळ 5 चौरस सेंटिमीटरपेक्षाही कमी भरतं. तेवढ्याच तेलाचे 0.1 मिलिमीटर व्यासाचे थेंब केले तर ते होतात सुमारे 19 लाख, आणि सगळ्यांचं मिळून पृष्ठफळ 600 चौरस सेंटिमीटर. म्हणजे सव्वाशेपट. शिवाय प्रत्येक थेंबात तापवायला तेल असतं नावापुरतं. ज्योतीचं तापमान हजार अंशांच्या घरात, त्यामुळे थेंब तिच्यात शिरता शिरताच त्याची वाफ होते आणि ती भोवतालच्या हवेत मिसळून भपकन जळते. ओंडका पेटायला वेळ घेतो, पण त्याचाच भुसा हवेत उधळला तर स्फोट होऊ शकतो, तोच हा प्रकार.

आणि इतका बारीक फवारा करायला सालीला कुठलंही यंत्र लागत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग हाच आहे. सालीचा बाहेरचा रंगीत थर चिवट असतो, त्यातच तेलाच्या ग्रंथी असतात, नुसत्या डोळ्यांनी ठिपके दिसतात त्याच. त्याखालचा पांढरा थर मऊ, स्पंजासारखा. साल दुमडली की आतला पांढरा थर चेपला जातो आणि ग्रंथींवरचा दाब चढत जातो. त्याच वेळी बाहेरची बाजू ताणली जात असते. ताण सोसेनासा झाला की ग्रंथीवरचं पातळ आवरण फाटतं आणि तेल केसासारख्या धारेने बाहेर पडतं. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 साली हे अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं. धारेची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी, वेग सेकंदाला 10 मीटरच्या घरात, आणि एवढा वेग ती मिलिमीटरभर अंतरातच गाठते. त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या 5,000 पटींहून जास्त! पुढे ही धार तुटून थेंब होतात.

साल जुनी, सुकून मऊ पडलेली असेल तर प्रयोग फसतो, तो याचमुळे. तेल तिच्यात शिल्लक असतं, पण ग्रंथी टणक भरलेल्या नसतात, त्यामुळे नीट फवारा सुटत नाही. उलट पूर्ण वाळलेली साल शेकोटी पेटवायला उत्तम, कारण पाणी गेलेलं असतं आणि थोडंफार तेल उरलेलं असतं. रस पेटत नाही कारण तो जवळजवळ सगळा पाणीच आहे. ताज्या सालीतही पाणी भरपूर, म्हणून भडका उडाला तरी साल हातात पेटत नाही.

भडका पिवळा दिसतो तो काजळीमुळे. लिमोनीनमध्ये कार्बन भरपूर, पूर्ण जळायला हवा पुरत नाही, आणि कार्बनचे तापलेले कण पिवळे चमकतात. ज्योतीवर पांढरी बशी धरून बघा, काळी होईल.

जाता जाता, फुग्यावर साल पिळली की फुगा फुटतो, त्याचा आगीशी काही संबंध नाही. लिमोनीन रबरात मुरतं आणि ताणलेला पापुद्रा तिथे कमकुवत होतो. थर्माकोलवर थेंब टाकलात तर खड्डा पडताना दिसेल.

आता धोक्याचं. मेणबत्तीवरचा फवारा क्षणात संपतो, पण चेहरा आणि केस लांब ठेवा. तेल डोळ्यांत गेलं तर चांगलंच झोंबतं, आग असो वा नसो. बाटलीबंद संत्र्याचं तेल किंवा ते घातलेले तीव्र क्लीनर हे खरे जपायचे. ‘नैसर्गिक’ लिहिलंय म्हणून गाफील राहू नका, नियमांत त्यांची गणना ज्वालाग्राही द्रवांतच होते. बाटली शेगडीपासून दूर आणि घट्ट बंद ठेवा. तेलाने भिजलेली चिंधी तर मुळीच जवळ नको, कारण ती वातीचं काम करते आणि तिला 48 अंशांची वाट बघावी लागत नाही. झाकण उघडं राहिलं तर आणखी एक त्रास: हवेने लिमोनीनचं ऑक्सिडीकरण होतं आणि तयार होणाऱ्या पदार्थांनी काहींच्या त्वचेला ॲलर्जी येते. फार जुनी बाटली असेल तर सरळ टाकून द्या, पण मोरीत ओतू नका, ते पाण्यात विरघळत नाही.