शहरातून गावी कायमचं राहायला गेल्यावर जुळवून घ्यायला किती दिवस लागतात? सगळ्यांत अवघड काय जातं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात बारा वर्षं नोकरी झाली, कंपनी घरून काम करू देते, सातारा जिल्ह्यात वडिलांचं घर आणि थोडं रान पडून आहे, तर आता तिकडंच जावं म्हणताय. आणि विचारलंय की शांततेची, अंधाराची, किड्यामुंग्यांची सवय व्हायला किती वेळ लागतो, नेट चालतं का.

किड्यांची सवय आठ दिवसांत होते. भावकीची मला पाच वर्षांत झालेली नाही.

मी कोरेगाव तालुक्यातला, वाठार स्टेशनपासून आतल्या अंगाला. वाढलो मात्र कोपरखैरण्याला. वडील माथाडी, आधी मशीद बंदर, नंतर वाशीचं कांदा-बटाटा मार्केट. आमच्याकडच्या निम्म्या घरांची हीच कथा आहे, त्यामुळं गावात आम्हाला नावानं कोणी ओळखत नाही. आम्ही ‘मुंबईकर’. यात्रेला येणार, वर्गणी देणार, मटण खाऊन परत जाणार. जून २०२० मध्ये बायको-पोरांना घेऊन आलो तेव्हा चौदा दिवस शाळेच्या खोलीत ठेवलं होतं. डबा घरून यायचा, फाटकापाशी ठेवून माणूस लांब उभा राहायचा. त्याचं मला काही वाटलं नाही, तेव्हा सगळीकडंच तसं होतं. खरं प्रकरण पुढच्या उन्हाळ्यातलं.

आमची विहीर सामाईक. चार वाटे, प्रत्येकाला दोन दिवस, म्हणजे आठ दिवसांचा फेरा. आमच्या वाट्याचे दोन दिवस वीस वर्षं चुलते वापरत होते, कारण आमचं रान पडीकच होतं. मी आल्यावर सातबारा काढला, इतर हक्कांत विहिरीचा हिस्सा दाखवला आणि पाण्याची पाळी मागितली. चुलते, म्हणजे तात्या, म्हणाले, “घे की. कोण न्हाई म्हणतंय?” कागद हातात घेऊन बघितलासुद्धा नाही. तेव्हा मला वाटलं, किती सोपं होतं.

पण थ्री फेज लाईटचा फेरा सात दिवसांचा असतो, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. विहिरीचा आठाचा, लाईटचा सातचा. त्यामुळं तुमची पाळी कधी दिवसा येईल आणि कधी रात्री दहाला, हे बोटं मोजत काढावं लागतं. आता सौर फीडरवर गेलेल्या गावांत दिवसाची लाईट मिळते म्हणतात. आमच्याकडं तेव्हा नव्हती.

एप्रिल २०२१. माझा वीस गुंठे उन्हाळी भुईमूग होता. रात्रीची पाळी. मी गमबूट घालून, बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यानं पाणी द्यायला, गेलो. पहिला वाफा भरला, दारं मोडलं, दुसऱ्यात पाणी घेतलं. एक वाफा भरायला वीस-पंचवीस मिनिटं. तोवर काय करायचं? बांधावर बसलो, मोबाईल काढला, आणि कधी डोळा लागला ते कळलं नाही. दिवसभर ऑफिसचं काम केलेलं होतं. वर कुठंतरी पाटाला घुशीचं बीळ होतं. पाट फुटला आणि पाणी माझ्या भुईमुगात जायच्या ऐवजी खालच्या अंगाला तात्यांच्या रानात उतरलं. तिथं त्यांचा कांदा काढून पातीसकट सुकायला टाकलेला होता.

पाचला जागा झालो. तात्या आधीच आलेले होते. पाट त्यांनीच बांधून घेतला होता, खोरं बाजूला उभं होतं, आणि ते चिखलात उकिडवे बसून एकेक कांदा उचलत होते. अंगठ्यानं मान दाबायची. मान कडक लागली की बांधावर, मऊ लागली की दुसऱ्या ढिगात. मला हाक मारली नाही, शिवी दिली नाही. मी गेलो आणि मीही मान दाबायला लागलो. मला त्यातलं काही कळत नव्हतं. माझ्या ढिगातले निम्मे त्यांनी पुन्हा उचलून दुसरीकडं टाकले. दोन तास आम्ही एक शब्द बोललो नाही.

मऊ मानेचा कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही हे मला वडिलांमुळं ठाऊक होतं. भिजलेल्या मालाची गोणी पाठीवर घेतली की शर्टाला वास राहतो, असं ते सांगायचे. लगेच विकावा लागतो आणि व्यापारी बघताक्षणी भाव पाडतो. मी अंदाज धरला, बारा पोती, सहा क्विंटल. लोणंदच्या मार्केटला त्या आठवड्यात काय भाव चाललाय ते फोन करून विचारलं. क्विंटलला हजाराच्या आसपास. संध्याकाळी सहा हजार रुपये पाकिटात घालून तात्यांच्या सोप्यात गेलो.

“हे काय?”

“कांद्याचं, तात्या.”

त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. काकीला म्हणाले, “च्या टाक.” चहा झाला. पाकीट तिथंच. मी उठलो तेव्हा काकीनं ते माझ्या हातात परत दिलं, आणि त्या दिवसानंतर तीन आठवडे त्या घरातून आमच्याकडं कोणी आलं नाही. काकी रोज सकाळी ताक घेऊन यायची, ती बंद झाली.

मग थोरला चुलतभाऊ अण्णा आला. पारावर, चारचौघांत म्हणाला, “तुझा बाप मार्केटात हमाली करत हुता. तू हितं दलाली कराय लागलास व्हय?”

त्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आता देतो, कारण तुमचा प्रश्न वाचून तेच आठवलं.

अण्णा, हमाली आणि हिशेब हे वेगळे नाहीत. आमच्या घरात हिशेब ही लाज वाटायची गोष्ट कधीच नव्हती. माल विकल्यावर मिळते त्या पट्टीवर हमाली, तोलाई, वाराई वेगळी लिहिलेली असते ती आपोआप आली नाही. वडिलांच्या आधीच्या पिढीला मुकादम हातावर ठेवेल ते घ्यावं लागायचं. अण्णासाहेब पाटलांनी, तेही आपल्या जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले, माणसं उभी केली, १९६९ ला माथाडी कायदा झाला, तेव्हा मजुरी माथाडी मंडळात जमा व्हायला लागली आणि हमालाच्या नावावर फंड दिसायला लागला. त्या फंडातून माझी दहावी-बारावी झाली. माझ्या बापानं आयुष्यभर गोण्या मोजल्या. तुझ्या बापाचं मी नुकसान केलं तर ते मोजून द्यायचं हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

आणि गावाला हिशेब का नको असतो, तेही सांगतो. हिशेब झाला की विषय संपतो. नाही झाला तर तो कांदा दहा वर्षं माझ्या डोक्यावर राहतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कोणाच्या मागं उभं राहायचं, कोणाच्या लग्नात वाढायला थांबायचं, बांधावरचं झाड कोणाचं, सगळ्याला तो कांदा लागू. मी हे उगाच म्हणत नाही, दोन निवडणुका बघितल्यात.

तर तुमच्यासाठी सांगायचं म्हणजे, जाण्याआधी वारस नोंद करून घ्या. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलंय का बघा, सामाईक विहिरीचा आणि रस्त्याचा उल्लेख आहे का बघा. पाळी कोणाची कधी हे कागदावर लिहा आणि सगळ्या वाटेकऱ्यांच्या सह्या घ्या. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६ चं कलम ५ आहे, बांधावरून रस्ता हवा असेल तर महसूल संहितेचं कलम १४३ आहे, दोन्हींसाठी तहसीलदार. पण हे गेल्या गेल्या काढू नका, नाहीतर माझ्यासारखं होईल. मी सातबारा आल्या आल्या काढला, तीच पहिली चूक.

बायकोला विचारलंत का? तुमच्या प्रश्नात ‘मी’च सगळीकडं आहे. माझ्या बायकोला पहिल्या वर्षी सर्वांत जड गेलं ते बंद दार. म्हणजे दार बंद करता येत नाही ते. दुपारी कोणीही येतं, थेट चुलीपाशी, कढईवरचं झाकण उचलून “काय केलंय” विचारतं. दार लावलं तर “बरं न्हाई का?” म्हणून अजून दोघी येतात. आता तीही जाते दुसऱ्यांच्या झाकणापर्यंत. तिचं माझ्यापेक्षा चांगलं जमलंय, कारण तिनं कोणाला पाकीट दिलं नाही.

पोरांचं म्हणाल तर लहान असतील तर झेडपीची शाळा बिनधास्त. आठवीच्या पुढं असतील तर दोनदा विचार करा, रोज एसटीचा प्रवास आहे. दवाखाना कोरेगावला, मोठं काही असेल तर सातारा. रात्रीच्या वेळी गाडी स्वतःची पाहिजे, किंवा गाडीवाल्याशी बोलणं पाहिजे.

एक गोष्ट मी वर लिहिली नाही, ती लिहितो, नाहीतर अण्णा म्हणेल की अर्धंच सांगितलं. वीस वर्षं तात्यांनी आमची पाळी वापरली, हे खरं. पण त्या वीस वर्षांत विहिरीचा गाळ तीनदा काढला गेला, दोनदा मोटार जळाली, एकदा कठडा ढासळला होता तो बांधला. आमच्या चार आणे वाट्याचा खर्च कोणी भरला? मला ते पाकीट देऊन झाल्यावर कितीतरी महिन्यांनी, मोटार काढताना शेजारच्याच्या बोलण्यातून कळलं. तात्यांनी तो विषय कधी काढला नाही. वडिलांनाही फोनवर सांगितलं नव्हतं. त्याचा आकडा मी काढायला बसलो होतो, पण गाळाच्या मजुरीचे जुने दर कोणाला आठवेनात. तात्यांना विचारायची हिंमत झाली नाही. म्हणजे मी सहा हजार द्यायला गेलो होतो तेव्हा देणं माझ्याच अंगावर होतं, आणि किती ते अजून माहीत नाही.

दुसरं म्हणजे, हे सगळं वडिलोपार्जित रान आणि भावकी असलेल्यांसाठी. तुम्ही घरात नुसतं राहून लॅपटॉपवर काम करणार असाल, रानाला हात लावणार नसाल, तर यातलं फारसं काही होणार नाही. दोन यात्रा होईपर्यंत पाहुणे, नंतर पुणेकर म्हणून राहाल आनंदात. फक्त मयत चुकवू नका. आणि मातीला जाऊन भागत नाही, सावडायलाही जायचं. सकाळची मीटिंग होती ही सबब गावात कोणालाच समजत नाही.

नेट विचारलं होतंत. गावात फायबर आलीय का ते आधी बघा, आमच्याकडं आहे, बरी चालते. पण लाईट गेली की राऊटर बंद, तेव्हा इन्व्हर्टर पहिल्या दिवशी घ्या. मोबाईलची रेंज आमच्या घरात माळवदावरच येते.

ताक तीन आठवड्यांनी पुन्हा सुरू झालं, कोणी काही न बोलता. अण्णा अजून पारावर मला ‘शेठ’ म्हणतो. दरवर्षी कांदा निघाला की तात्या एक पोतं दाराशी आणून ठेवतात, पैसे विचारायची सोय नाही. यंदाचं ठेवून गेल्यावर मी ते काट्यावर घातलं. अठ्ठेचाळीस किलो भरलं, वहीत लिहून ठेवलंय.