वाण कुठल्या देशाचं ते नंतर, तिथे पाऊस किती ते आधी विचारा

दुसऱ्या देशातल्या बियाण्याबद्दल शेतकऱ्यांचे प्रश्न बरेच आलेत पण फिरून फिरून मुद्दा तोच, म्हणून एकत्रच उत्तर देतो.

एकाने विचारलंय, साहेब हे कोरडवाहू देश मिळून संशोधन करतात म्हणे, पण दुसऱ्या देशात निवडलेलं वाण आमच्या रानात कसं चालणार, तिथली माती वेगळी हवा वेगळी. शंका रास्त आहे. पण पिकाला देशाची हद्द कळत नाही ना, त्याला कळतं पाऊस किती, किती दिवस टिकतो आणि जमीन ओल किती धरते. आफ्रिकेतला साहेल, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा बघा, तिथे पावसाचे पट्टे पूर्व-पश्चिम आडवे पसरलेत, म्हणजे मालीतल्या ६०० मिमीच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याची अडचण बुर्किना फासोतल्या त्याच पट्ट्यातल्या शेतकऱ्याशी जुळते, त्याच्याच देशात दक्षिणेला १००० मिमी पाऊस घेणाऱ्याशी नाही जुळत. मग एकाच पट्ट्यासाठी प्रत्येक देशाने वेगळी ट्रायल कशाला लावायची, आधीच माणसं कमी आणि पैसे त्याहून कमी. म्हणून मोठ्या दुष्काळानंतर १९७३ मध्ये तिथल्या देशांनी सिल्स ही दुष्काळाशी मिळून लढायची समिती काढली, मुख्यालय वागाडुगूला, हवामान-पाण्याचं अग्रीमेट केंद्र नियामेला आणि संशोधनाची सांगड घालणारी साहेल संस्था बामाकोला.

याचा फायदा खरंच होतो का? बाजरीचं बघा. टोगो, घाना, बेनिन, बुर्किना फासो या भागात इनियाडी नावाची देशी बाजरी आहे, लवकर येणारी, टपोऱ्या दाण्याची. टोगोतल्या बियाण्यातून इक्रिसॅटने, म्हणजे कोरडवाहू पिकांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, निवड करून आयसीटीपी ८२०३ हे वाण काढलं, ते भारतात १९८८ ला आलं आणि पुढे त्यातूनच जास्त लोह असलेलं धनशक्ती निघालं. तिकडे नामिबियात ओकाशाना १ आलं त्याच्या मुळाशीही हीच इनियाडी, आणि ते शेतकऱ्यांनी स्वतः प्लॉट बघून पसंत केलेलं. टोगो कुठे, नामिबिया कुठे!

पण म्हणून कुठलंही वाण कुठेही लावा असं मी अजिबात म्हणत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या कितीतरी देशी ज्वारी-बाजरी दिवस लहान व्हायला लागला की निसवतात, म्हणजे कणीस बाहेर टाकतात. असं दक्षिणेकडचं वाण उत्तरेला नेलं तर ते आपल्या ठरलेल्या वेळेलाच निसवणार, तोवर तिथला पाऊस निघून गेलेला, दाणा भरणार कशावर? रोगाचंही तसंच, बाजरीवरच्या केवडा रोगाची बुरशी सगळीकडे सारखी नसते, एका ठिकाणी टिकलेलं वाण दुसरीकडे बळी पडतं. टारफुला, म्हणजे पिकाच्या मुळांवर जगणारं तण, त्याच्याही जाती वेगळ्या. तेव्हा कोणी बियाणं घेऊन आलं तर किती क्विंटल निघालं हे नंतर विचारा, आधी विचारा की ट्रायल घेतली तिथे पाऊस किती आणि किती दिवसांचा होता, जमीन हलकी होती का भारी, आणि शेजारी तुलनेला कुठलं वाण लावलं होतं. तुलनेचं वाणच नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही, सरळ सोडून द्या.

आणि सगळं रान एकदम देऊ नका. आपल्या नेहमीच्या वाणाशेजारी चार-सहा ओळी लावा, पेरणी एकाच दिवशी, खत सारखं. पेरणीची तारीख, पावसाचा खंड कधी पडला, अर्धं पीक निसवलं तो दिवस, शेवटी दोन्हीचं वेगवेगळं वजन, एवढं वहीत टिपून ठेवा. फसलं तरी कळवा, उलट फसलं तर नक्कीच कळवा, कारण या एकत्र कामात बैठका भरपूर होतात आणि पेरणीची साधी तारीख मात्र कुणाच्या कागदावर नसते, हे माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न, शेजारच्या देशात मंजूर झालेलं बियाणं आमच्याकडे विकायला अडवतात का? जिथे कायदे जुळवून घेतलेले नाहीत तिथे अडवणारच, परत सगळ्या चाचण्या आल्या. पश्चिम आफ्रिकेत इकोवास या देशांच्या संघटनेने २००८ मध्ये सामाईक बियाणे नियम केले, आफ्रिकेच्या दक्षिण भागात सादक या देशांच्या संघटनेच्या पद्धतीत दोन सदस्य देशांत मंजूर झालेलं वाण सामाईक यादीत जाऊ शकतं. पण यादीत नाव म्हणजे विक्रीची परवानगी, तुमच्या रानासाठी शिफारस नव्हे.

जुनं बियाणं दुसऱ्या देशातल्या बँकेत ठेवायला एकजण घाबरतायत. इकार्डा या कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेची बियाणे बँक सीरियात अलेप्पोजवळ होती, युद्धात तिथलं काम अडकलं. आधीच नमुन्यांच्या जोडप्रती नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटावरच्या बियाणे कोठारात ठेवलेल्या, त्या २०१५ मध्ये परत मागवून लेबनॉन आणि मोरोक्कोत पुन्हा वाढवल्या. एकाच ठिकाणी ठेवलं असतं तर हातात काय राहिलं असतं? तुमच्याकडे मात्र थोडं राखून ठेवाच.

शेवटचं. धान्य किती पिकलं हे सारखं कशाला विचारता, असं रागाने लिहिलंय. साहेल आणि पश्चिम आफ्रिकेत सगळे देश एकाच पद्धतीने वर्षातून दोनदा अन्नस्थिती मोजतात, बऱ्या स्थितीपासून उपासमारीपर्यंत पाच टप्पे, तिसऱ्यापासून पुढे संकट धरतात. मदत आधी कुठे जायची ते यावरून ठरतं. तुम्ही मोठेपणासाठी उत्पन्न फुगवून सांगितलंत तर तुमचा भाग कागदावर सुखात दिसणार आणि घाबरून फार कमी सांगितलंत तर आकडा कोणी धरणारच नाही. किती पिकलं, किती विकलं, घरातलं किती महिने पुरेल, एवढं खरं सांगा, बाकीचा हिशोब आम्ही करतो.