"पोराला एकाग्रताच नाही" म्हणजे नेमकं काय नाही?

बारावीचं वर्ष लागलं की अमळनेरला माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या पालकांचं एकच वाक्य असतं, "मॅडम, पोराला एकाग्रताच नाही." घरात साखर नाही म्हणावं तसं. गेल्या महिन्यात तीनदा ऐकलं म्हणून लिहितेय (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत).

बोरीकाठच्या गावातला सायन्सचा मुलगा आईसोबत आला. दोन भेटी खाली मान घालून काढल्या, तिसऱ्या वेळी बोलला तेही अहिराणीत, "पुस्तक लिसन बसस पन ध्यान लागत नही, माले एकाग्रताच नही."

"किती वेळाने जातं ध्यान?"

"पाच मिनिटात."

"मग काय करतोस?"

"चिडतो स्वतःवर. वाटतं आपल्यानं होणारच नाही. मग पुस्तक बंद."

म्हणजे ध्यान पाच मिनिटांनी गेलं, पण अभ्यास बंद पाडला तो त्याने मनात म्हटलेल्या वाक्याने. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस 1955 पासून हेच सांगायचे, त्रास प्रसंगापेक्षा आपण त्याबद्दल स्वतःला काय सांगतो त्याने जास्त होतो. मी याच वाटेने काम करते आणि इतक्या वर्षांत ती मला क्वचितच चुकीची वाटलीय.

पण हे पोराला भाषण देऊन पटणार नव्हतं. मला काय सुचलं कुणास ठाऊक, आईला विचारलं, "ताई, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मांडे, म्हणजे हातांवर मोठ्या करायच्या पुरणपोळ्या, करताना तुमचं ध्यान जात नाही का कुठे?"

"जातं ना वो! पोरगी माहेरी आलेली असते तिच्याशी बोलनं, चुलीचा जाळ बघनं. पन मांडा एका कडे झुकला का हाताले समजस, मंग फिरी त्याच्यावर ध्यान."

"झुकलेला टाकून देता?"

"टाकाले काय झालं? सावरी लेस."

पोरगा आईकडे बघतच राहिला. लहानपणापासून तो त्या हातांवर मांडा खापराएवढा होताना बघत आलाय, आणि ते हात सारखे सावरत असतात हे त्याला त्या दिवशी कळलं. खरं तर मलाही.

तेव्हापासून मी शब्दच बदलायला लावते. एकाग्र म्हणजे एक अग्र, एकच टोक. त्याची 'एकाग्रता' केली की ती जवळ असायची किंवा नसायची वस्तू होते, नसली की खेळ खलास. आपलं रोजचं बोलणं जास्त शहाणं आहे, लक्ष लागतं, जातं, उडतं, ते आपोआप होतं, पण लक्ष 'देणं' आपल्या हातात असतं आणि एकदा दिलं म्हणून संपत नाही, परत देता येतं. अहिराणीतही 'ध्यान दे', 'ध्यानमा ठेव' म्हणतो तेव्हा कुणी डोळे मिटून बसत नाही.

त्याला सांगितलं, वीस मिनिटं बस, मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि लक्ष भटकून परत आलं की कागदावर एक रेघ मार, गेल्याची नाही आल्याची. पालकांनाही सांगते, "लक्ष कुठंय तुझं?" ओरडण्यापेक्षा "कुठल्या ओळीवर आहेस?" विचारा, तिथे त्याला परत यायला जागा मिळते. मात्र लहानपणापासून शाळेत, घरात, खेळातही टिकून राहणं जमतच नसेल, किंवा झोप-भूक उडाली असेल तर शब्दांवर भागवू नका, मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.

पहिल्या दिवशी चौदा रेघा होत्या. परवा आई आली होती, म्हणाली, आता चिडत नाही मॅडम, उठतो, माठातलं पाणी पितो, परत बसतो.