मामाला मॉर्फिन चालू केलं म्हणजे संपलं काय?

प्रश्न : ताई नमस्कार, निपाणीजवळच्या एका खेड्यातनं लिहितोय. माझा मामा 64 वर्षांचा, सगळी उमर तंबाखूच्या वखारीत गेली, बिडी पण होतीच. दिवाळीनंतर खोकला जाईना म्हणून बेळगावला दाखवलं तर फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, चौथी स्टेज, मणक्यात पण गेलाय, छातीत पाणी होतंय. दोन केमो झाल्या, तिसरीला अंगात ताकदच राहिली नाही. आता डॉक्टरनी पॅलिएटिव्ह ट्रीटमेंट (म्हणजे आजार बरा करायची नव्हे, त्रास कमी करायची) करा म्हणून मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यात, पण मामेभाऊ म्हणतो ही अफू हाय, ही चालू केली की माणूस आठ दिवसात जातो, म्हणून त्यानं गोळ्या कपाटात लपवून ठेवल्यात. मामाला आम्ही टीबी झालाय म्हणून सांगितलंय. रात्री दोन-तीनला दम लागतो, सगळं घर उठतं, मामी रडत बसते. काही खात नाही, आणि सारखं म्हणतोय मला जोतिबाला न्या. आईवडील गेल्यावर मला त्यानंच वाढवलं हो. मी काय करू? – एक भाचा

उत्तर : आधी ती गोळ्यांची पट्टी कपाटातनं बाहेर काढा, बाकीचं सगळं नंतर वाचा.

मी बरीच वर्षं कॅन्सर वॉर्डात नर्स होते, आणि हा आठ दिवसांचा हिशोब मी दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलाय. होतं काय, घरचे लोक मॉर्फिन शेवटपर्यंत लांबवतात, मग शेवटच्या आठवड्यात पेशंट तळमळायला लागला की घाबरून देतात, माणूस जातो, आणि नाव गोळीचं होतं. अफूपासनं बनते हे खरंय, पण डॉक्टरनी ठरवलेल्या डोसात दुखण्यासाठी दिली तर त्यानं माणूस मरत नाही आणि सहसा व्यसनी पण होत नाही. आणि मॉर्फिन नुसतं दुखण्याचं औषध नव्हे, कमी डोसात ते दम लागल्याची जी घुसमट असते ती पण कमी करतं, म्हणजे तुमच्या रात्री दोन-तीनच्या त्रासावरचंच औषध तुमच्याच कपाटात पडलंय बघा.

साधी गोळी असेल तर तिचा असर चार तासच राहतो, म्हणून घड्याळ लावून द्यायची, दुखायची वाट बघायची नाही. एक चुकली म्हणून दोन एकदम द्यायच्या नाहीत. पहिले दोन-तीन दिवस मामा झोपेल, मळमळेल, ते बहुतेक आपोआप कमी होतं, आणि किती रात्रींची झोप राहिलीय त्याची ते पण बघा की. पण हाक मारून हलवून पण उठत नसेल, श्वास अगदी सावकाश पडायला लागला तर लगेच डॉक्टरला फोन. बद्धकोष्ठ मात्र होतंच आणि ते आपोआप जात नाही, म्हणून पहिल्या दिवसापासनं पोट साफ व्हायचं औषध सोबत मागून घ्या, कित्येक घरात मॉर्फिन बंद पडतं ते ह्याच एका कारणानं. हे औषध प्रत्येक मेडिकलात मिळत नाही, 2014 ला कायदा बदलून मान्यताप्राप्त दवाखान्यांना ठेवायला सोपं केलंय, तेव्हा संपायच्या आधी चार दिवस जाऊन घेऊन या, आणि पट्टी पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा (कुलपात ठेवा, पण किल्ली मामीकडं, मामेभावाकडं नको!).

आता रात्रीचं. दम लागला की आडवं झोपवू नका, खाटेवर बसवून समोर टेबलावर दोन उशा ठेवा, त्यावर हात टेकून पुढं वाकू दे, आणि छोटा फॅन तोंडासमोर, नाक आणि गालाला वारा लागला पाहिजे. ऐकायला पोरखेळ वाटतो पण गालावरच्या वाऱ्यानं मेंदूला घुसमट कमी जाणवते, हे तपासून बघितलेलं आहे. ऑक्सिजन लेव्हल चांगली असेल तर मशीनचा फॅनपेक्षा जास्त उपयोग होत नाही, उगाच भाड्याचे पैसे. लेव्हल कमी म्हणून मशीन आणलंच तर त्या खोलीत बिडी, निरांजन, चूल काही नको, आग लागते. खोलीत एकावेळी एकच माणूस बसा, दहा जण तोंडाकडं बघत उभे राहिले की दम वाढतोच. छातीतलं पाणी वाढलं असेल तर ते काढता येतं, मणक्याच्या दुखण्याला रेडिएशनचा शेक असतो, कधी कधी एकाच दिवसात पुरतो, हे दोन्ही डॉक्टरना स्वतःहून विचारा. आणि पायातली ताकद अचानक गेली किंवा लघवी अडली तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री गाडी काढा, मणक्याची नस दाबली जात असते, उशीर झाला की पाय परत येत नाहीत.

2010 ला अमेरिकेत ह्याच कॅन्सरच्या 151 पेशंटवर एक अभ्यास झाला. ज्यांना ट्रीटमेंटसोबत सुरुवातीपासनंच पॅलिएटिव्ह केअर दिली ते साधारण 11.6 महिने जगले, बाकीचे 8.9. मामाचं उशिरा चालू होतंय, तेवढे महिने मिळतीलच असं मी म्हणणार नाही, पण पॅलिएटिव्ह म्हणजे सोडून दिलं असं जो म्हणेल त्याला हे आकडे सांगा.

जेवणाचं, मामीला सांगा की भाकरी कोंबू नका. हा आजार असा आहे की घातलेलं अन्न अंगाला लागत नाही, आणि घास नको म्हटला की भांडण, मग तो माणूस ताटाकडं बघूनच तोंड फिरवतो. नाचणीची आंबील, ताक, पेज, दोन चमचे, मागेल तेव्हा. ताकदीसाठी सलाईन लावा म्हणून पाव्हणे सांगतील, पण ह्या स्टेजला सलाईननं अंगाला सूज आणि छातीत कफ वाढू शकतो.

टीबीचं काय करायचं? अहो, ज्याला केमो लावली, ज्याचे केस गेले, जो कॅन्सर वॉर्डात बसून आला त्याला कळत नसेल काय? तो तुमच्यासाठी गप्प बसलाय, तुम्ही त्याच्यासाठी. एकदा घरी कुणी नसताना जवळ बसा आणि विचारा, "मामा, तुमास्नी काय वाटतंय ह्या आजाराचं?" आणि मग गप्प बसा, लांब वेळ गेला तरी चालेल. तो विचारेल तेवढंच सांगा, विचारलं तर खोटं नको. नाहीच विचारलं तर तो पण त्याचा हक्क आहे. बिडीवरनं मात्र आता कुणी बोलायचं नाही, त्याच वखारीच्या पगारावर तुम्ही शिकलात.

पैशाचं थोडक्यात, कर्नाटकात बीपीएल कार्डावर वर्षाला कुटुंबाला 5 लाखांपर्यंत सोय आहे, पण कोल्हापूर-मिरजेला जाणार असाल तर हे कार्ड तिथं चालतं काय हे ॲडमिट व्हायच्या आधी काऊंटरवर विचारून घ्या. सीमाभागातल्या 865 गावांसाठी महाराष्ट्रानं पण योजना जाहीर केलीय, तिच्या भरवशावर मात्र गाडी काढू नका, दोन्ही सरकारांचं त्यावरनं वाजलंय.

आणि जोतिबाला न्या, मी तर म्हणते ह्याच आठवड्यात न्या. गोळी चालू करून तीन-चार दिवस जाऊ देत, दम जरा बसू दे. डॉक्टरना विचारून निघायच्या आधी डोस द्या, पुढचा खिशात ठेवा, पुढच्या सीटवर उशी लावून बसवा, फॅन घ्या. रविवारी नको, गर्दी आणि गुलाल दोन्ही त्याच्या छातीला सोसणार नाही. पायऱ्या उतरायच्या नादाला लागू नका, वर गाडीत काच अर्धी खाली करून बसवा, तिथनंच हात जोडू दे, मामीला खाली पाठवा आणि प्रसाद घेऊन येईपर्यंत तुम्ही त्याच्याजवळ थांबा.