हळदीची चमक पोटाबाहेर कशी दिसणार?

प्रश्न : मी सांगलीत बारावी सायन्सला आहे. आईचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं. विज्ञान प्रदर्शनात स्पिरिटमधली हळद यूव्ही टॉर्चखाली चमकताना पाहिली. वनस्पतींतल्या अशा द्रव्यांनी खडे शोधायचं संशोधन मला करायचंय. त्यासाठी नीट देऊ की बी.फार्म. करू? – ऋतुजा

उत्तर : ऋतुजा, सांगलीच्या मुलीला हळदच सुचणार! पण आधी एक कर. अंधारात साधा पांढरा टॉर्च बोटांना टेकव. पलीकडून फक्त लाल उजेड येईल. हळदीतल्या कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्याला चमकायला लागणारा निळा-जांभळा प्रकाश कातडीतच मुरतो आणि पित्ताशय तर यकृताखाली दडलेलं. शिवाय पित्ताशयातले बहुतेक खडे सोनोग्राफीत दिसतात, तेही सुई न टोचता.

कल्पना टाकू नकोस, फक्त तिची जागा बदल. खरी गरज ऑपरेशन टेबलावर आहे. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना मुख्य पित्तनलिका ओळखण्यात चूक झाली आणि तिलाच कात्री लागली, तर पेशंटचे फार हाल होतात. म्हणून इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग शिरेतून देतात. यकृत तो पित्तात सोडतं आणि इन्फ्रारेड टिपणाऱ्या कॅमेऱ्यात नलिका उजळून दिसतात. हा रंग कृत्रिम आहे. वनस्पतीतला एखादा रेणू बदलून त्याच्याकडून हेच काम करून घेता येईल का, असा तुझा प्रश्न हवा.

रेणू बदलून असं काम करून घेणं पूर्वी घडलंय, जरी तो रेणू वनस्पतीतला नव्हता. टायट्रेशनला तू फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकतेस ना? त्याचे काही भाऊबंद शरीरातून पित्तावाटे बाहेर पडतात, हे माहीत होतं. 1924 साली अमेरिकेत सेंट लुईसला ग्रॅहम आणि कोल या सर्जननी एक्स-रे अडवणारं ब्रोमीन जोडलेलं फिनॉल्फ्थॅलिन वापरून पित्ताशय एक्स-रेवर आणलं. सर्जन खरे, पण युक्ती केमिस्ट्रीची!

म्हणून नीट द्यायची तर पेशंट तपासायची ओढ असेल तरच दे. एमबीबीएसला रेणू घडवायला शिकवत नाहीत. माझं मत विचारशील तर केमिस्ट्री. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा दे, नाहीतर चांगल्या कॉलेजात बीएस्सी करून पुढे एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा. झाडपाल्यातल्या औषधी द्रव्यांतच रमणार असशील तर एमएचटी-सीईटीतून बी.फार्म., मग जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन फार्माकॉग्नसीत, म्हणजे नैसर्गिक औषधी द्रव्यांच्या शास्त्रात, एम.फार्म. वाट कुठलीही धर, पीएच.डी. चुकत नाही. म्हणजे बारावीनंतर नऊ-दहा वर्षं. हा आकडा घरी आत्ताच सांग, बाबांच्या तोंडावर काय उमटतं ते बघ आणि मग फॉर्म भर.