एकट्याचा विचार आणि शिवाराचे पाणी

प्रश्न : आमची केळीची शेती आहे. दरवर्षी पाणी खोल जाते आणि दरवर्षी कोणीतरी नवी कूपनलिका घेतो. माझा मुलगा म्हणतो, विचार बदलले की परिस्थिती बदलते. एकट्याच्या विचाराने जमिनीतले पाणी वर येईल का?
– एक शेतकरी, यावल तालुका

उत्तर : एकट्याच्या विचाराने पाणी वर येणार नाही, आणि तसे सांगून कष्टकरी माणसाच्या अडचणीचे खापर त्याच्याच मनावर फोडणे मला अन्यायाचे वाटते. तरीही आपल्या मुलाचे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही, कारण पाणी खोल जाण्यामागेही एक विचारच आहे : जमीन माझी, म्हणून तिच्याखालचे पाणीही माझे. शेजाऱ्याने दोनशे फूट खोल घेतले, तर मी तीनशे घेणार, हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल असते.

याच खानदेशात पांझरा नदीकाठच्या गावांनी याहून वेगळा विचार करून काही शतके शेती केली. तेथील फड पद्धतीत बंधाऱ्याखालच्या शिवाराचे मोठे भाग, म्हणजे फड, पाडलेले असत. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाटकऱ्याने ठरल्या क्रमाने पाणी द्यायचे आणि नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड कोरडा ठेवायचा हे सर्वांनी मिळून ठरवायचे, अशी रीत होती. बहुतेकांची जमीन एकाहून अधिक फडांत असल्यामुळे टंचाईची झळही वाटली जाई. पाणी सामाईक आहे ही समजूत नियमात, पाटकऱ्याच्या मेहनतान्यात आणि पाट साफ करण्याच्या श्रमात उतरली होती, म्हणूनच ती टिकली. नुसत्या सद्भावनेवर ती एक उन्हाळाही टिकली नसती. पुढे वरच्या बाजूस धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि अनेक ठिकाणी ही घडी विस्कटली.

हे सारे जुन्या काळातच शक्य होते, असे मात्र नाही. साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने वृक्षतोडीवर स्वतःच बंदी घालून उजाड झालेले जंगल पुन्हा उभे केले. त्या कामाचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

म्हणून मुलाला एवढेच सांगावे, की त्याने आपल्या बांधाला बांध लागून असलेल्या चार-पाच शेतकऱ्यांसह प्रत्येक विहिरीची पाणीपातळी दर महिन्याला मोजावी आणि ते आकडे सर्वांसमोर ठेवावेत. नव्या कूपनलिकेचा विषय त्यानंतरच्या बैठकीत काढावा.