गुडघ्यात जेलचे इंजेक्शन घ्यावे का?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत गुडघेदुखीची पत्रे सर्वाधिक आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा रोख जेलच्या इंजेक्शनवर आहे. त्यांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६६ आहे. आम्ही नौपाड्यातील जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. जिना उतरताना आणि बराच वेळ बसून उठताना तिचे दोन्ही गुडघे फार दुखतात. ते दुखतात म्हणून तिने आता खाली उतरणेच कमी केले आहे. तिला मधुमेह आहे. उभे राहून काढलेल्या एक्स-रेत मध्यम झीज दिसते. गुडघ्यातले वंगण संपले आहे, दोन्ही गुडघ्यांत जेलचे एकेक इंजेक्शन घेतले की वर्षभर पाहायला नको, असे आम्हाला सांगण्यात आले असून खर्च चाळीस हजारांच्या आसपास आहे. शेजारच्या काकूंना या इंजेक्शनने चांगला गुण आला, माझ्या मामांना मात्र काडीचा फरक पडला नाही. आम्ही काय करावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : माझे मत आधीच सांगतो : आईंसाठी इतक्यात हे इंजेक्शन घेऊ नका. ज्या उपायांनी त्यांना याहून अधिक गुण येण्याची शक्यता आहे, ते उपाय अजून सुरूच झालेले नाहीत, असे तुमच्या पत्रावरून दिसते.

या इंजेक्शनात हायलुरोनिक अ‍ॅसिड नावाचा दाट, बुळबुळीत पदार्थ असतो. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये तो प्रथम बैलाच्या डोळ्यातील द्रवातून वेगळा काढला. आपल्या सांध्यातील द्रवातही तो निसर्गतःच असतो आणि झीज झालेल्या गुडघ्यात तो पातळ पडतो, हे खरे आहे. कमी पडलेला पदार्थ बाहेरून भरावा, या विचारातून ही उपचारपद्धती आली आणि अमेरिकेत १९९७ मध्ये तिला गुडघ्यासाठी मान्यता मिळाली. मात्र बिजागरीत तेल सोडावे तसे गुडघ्यात वंगण भरले जाते, हे चित्र रुग्णाची दिशाभूल करणारे आहे. एक तर बाहेरून सोडलेला हा पदार्थ सांध्यात महिनोन्महिने साचून राहत नाही. त्यातील बराचसा काही दिवसांतच शरीर शोषून घेते. दुसरे म्हणजे, गुडघ्याच्या झिजेत केवळ द्रव बिघडलेला नसतो, तर कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, विरळ झालेली असते, तिच्याखालचे हाड बदललेले असते, सांध्याचे आतले अस्तर सुजलेले असते आणि मांडीचा स्नायू रोडावलेला असतो. जेलने कूर्चा पुन्हा उगवते, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मग दुखणे तरी कमी होते का? या विषयावर संशोधन भरपूर झाले आहे. बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने २०२२ मध्ये १६९ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांत एकवीस हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यातील मोठ्या चाचण्यांमध्ये काही रुग्णांना जेल आणि काहींना नकली उपचार, म्हणजे बहुधा नुसते सलाइनचे पाणी, टोचले होते. दुखण्याला शून्य ते शंभर असे गुण दिले तर या दोन गटांत सरासरी फरक जेमतेम दोन गुणांचा आढळला. इतका फरक रुग्णाला जिना उतरताना जाणवणारही नाही. म्हणूनच ब्रिटनमधील डॉक्टरांना उपचारांबाबत मार्गदर्शन करणारी नाइस ही संस्था आपल्या २०२२ च्या मार्गदर्शनात हे इंजेक्शन देऊ नये असे सांगते, तर अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०२१ मध्ये ते सरसकट वापरू नये असे म्हटले आहे. सांधेझिजेवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संघटना मात्र काही रुग्णांसाठी अजूनही ते सशर्त मान्य करते, त्यामुळे आमच्यातील जे डॉक्टर ते देतात ते सगळेच चुकीचे वागतात, असे मी म्हणणार नाही.

काकूंना आलेला गुण खोटा नाही. गुडघ्याच्या झिजेचे दुखणे काही काळ उसळते आणि मग बहुधा आपोआप निवळते. माणूस इंजेक्शनपर्यंत पोहोचतो तो दुखणे शिगेला गेल्यावर, आणि त्यानंतर येणारा उतार इंजेक्शनच्या खात्यावर जमा होतो. शिवाय नुसत्या सलाइनच्या इंजेक्शननेही पुष्कळ रुग्णांचे दुखणे कमी होते, हे याच चाचण्यांतून दिसले आहे. काकू आणि मामा यांच्यापैकी आपली आई कोणासारखी ठरेल, हे आधी ओळखण्याची खात्रीशीर पद्धत आज कोणाकडेच नाही. चाळीस हजार रुपये त्या अनिश्चिततेवर लावायचे का, याचा विचार घरातील सर्वांनी मिळून करावा.

आता त्यांनी काय करावे ते सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सगळे काही यावरच अवलंबून आहे. मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू गुडघ्याला प्रत्येक पावलाला सावरतो. दुखते म्हणून चालणे थांबवले की तो स्नायू काही आठवड्यांतच बारीक होतो, मग गुडघ्यावर अधिक भार येतो आणि दुखणे वाढते. आईंना भिंतीला टेकून पलंगावर पाय लांब करून बसवा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि ती गुंडाळी गुडघ्याने खाली दाबायला सांगा. दाबताना मांडीवर हात ठेवून पाहा. स्नायू हाताखाली घट्ट झाला पाहिजे. मनात पाच अंक मोजून पाय सैल सोडावा आणि हे दहा वेळा करावे, सकाळ-संध्याकाळ. आठवडाभराने खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करून रोखून धरण्याचा व्यायाम त्यात मिळवावा. पुढे हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे जमू लागले की जिन्यावरचा फरक त्यांना स्वतःलाच कळेल. व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नये. ते दुखणे दुसऱ्या दिवशीपर्यंत वाढलेलेच राहिले, तर मात्र संख्या कमी करावी. गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. नेमक्या याच काळात बहुतेक घरांत कंटाळा येतो, म्हणून सुरुवातीला फिजिओथेरपिस्टकडे काही बैठका जरूर कराव्यात. त्या सगळ्या बैठकांचा खर्च एका इंजेक्शनपेक्षा सहसा कमीच होतो.

चालणेही बंद करू नका. दिवसातून एकदा कठडा धरून सावकाश खाली उतरावे आणि कचराळी तलावाच्या सपाट मार्गावर झेपेल तितके चालावे. मधुमेह असलेल्यांना त्याचा दुहेरी लाभ होतो. वजन जास्त असेल तर तेही कमी करायला हवे, कारण शरीराचे एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरीही सांगतो. मधुमेहात मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो, त्यामुळे औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या आईंना रोज देऊ नका. त्याऐवजी डायक्लोफेनॅकचे ट्यूबमधले मलम दिवसातून तीन-चार वेळा गुडघ्याभोवती नीट लावावे. बहुतेक लोक ते बोटाच्या टोकावर चिमूटभर घेतात आणि नंतर उपयोग होत नाही म्हणून सोडून देतात. स्टेरॉइडचे इंजेक्शन हा वेगळा प्रकार आहे. गुडघा सुजला असेल तर त्याने काही आठवडे खरोखर आराम पडतो, पण मधुमेही व्यक्तीची साखर त्यानंतर काही दिवस चढलेली राहते. दर तीन महिन्यांनी सलग दोन वर्षे ते दिल्यास कूर्चा अधिक झिजते आणि दुखण्यात फायदा दिसत नाही, असे २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आढळले.

मग जेल मी कोणालाच देत नाही का? क्वचित देतो. झीज सौम्य किंवा मध्यम असावी, तीन महिने मनापासून व्यायाम झालेला असावा, मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकारामुळे गोळ्या घेता येत नसाव्यात आणि शस्त्रक्रियेची वेळ आलेली नसावी, अशा रुग्णाला वर लिहिलेले सर्व काही सांगून, त्याची इच्छा असेल तरच देतो. आईंचे तीन महिने पूर्ण होऊ द्या, मग हा प्रश्न पुन्हा विचारा.

प्रश्न : माझे वय ७१. हृदयात स्टेंट असल्यामुळे रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू आहेत. दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्यात जेलचे इंजेक्शन घेतले, तेव्हा काही महिने बरे वाटले. या वेळी तेच पुन्हा घेतले आणि दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म फुगला. चार दिवस घरातल्या घरातही चालता येईना. सूज आता उतरली आहे. असे का झाले आणि पुढच्या वर्षी पुन्हा घ्यावे का? आम्ही शाकाहारी आहोत आणि हे औषध कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनते असे अलीकडेच ऐकले. — एक वाचक, नेरुळ

उत्तर : तुम्हाला झालेला त्रास आम्हा डॉक्टरांना परिचित आहे. सांध्याचे अस्तर या पदार्थावर चवताळते आणि एक-दोन दिवसांत गुडघा पाण्याने भरतो. काही जेलमध्ये मूळ पदार्थाचे धागे रासायनिक क्रियेने एकमेकांना जोडून तो अधिक दाट केलेला असतो. अशा जेलमध्ये हा प्रकार जास्त दिसतो, आणि पहिल्या खेपेला काही न झालेल्या रुग्णालाही दुसऱ्या खेपेला तो होऊ शकतो. तुमच्या गुडघ्यात तेच औषध पुन्हा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वापरलेल्या औषधाचे नाव फाइलमध्ये ठळक लिहून ठेवा.

तुमची सूज आपोआप उतरली, हे चांगले झाले. परंतु इंजेक्शननंतर गुडघा फुगला की ‘असे होतेच’ म्हणून चार दिवस घरी थांबणे धोक्याचे आहे, हे मी सर्वच वाचकांना कळकळीने सांगू इच्छितो. सांध्यात जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण होतो तेव्हाही गुडघा सुरुवातीला असाच दिसतो. ताप, थंडी, तासागणिक वाढणारा ठणका आणि पाय जराही हलवू न देणारी वेदना असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जावे. तेथे सुईने पाणी काढून तपासल्याशिवाय साधी सूज आणि संसर्ग यांत फरक करता येत नाही आणि संसर्गात वाया गेलेला एकेक दिवस कूर्चा खातो.

इंजेक्शन कसे दिले जाते याकडेही रुग्णाने लक्ष ठेवावे. रुग्णाला पाय सरळ करून झोपवतात, त्वचा जंतुनाशकाने पुसून ती सुकू देतात आणि बहुधा वाटीच्या वरच्या बाहेरील कडेखालून सुई आत घालतात. गुडघ्यात पाणी साठलेले असेल तर ते आधी काढून घेतात. नंतर त्याच सुईतून जेल सोडतात. सुई सांध्याच्या पोकळीत असेल तर हे जाड औषधही फारशी वेदना न होता आत जाते. टोचताना असह्य कळ आली तर गप्प बसून सहन करू नका, लगेच सांगा. घरी आल्यावर दोन दिवस जिने, जड पिशव्या आणि मांडी घालून बसणे टाळावे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या इंजेक्शनसाठी स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नका. गुडघ्यातील इंजेक्शन बहुतेक वेळा त्या चालू ठेवूनच देता येते, आणि स्टेंट असताना त्या बंद करण्यातला धोका गुडघेदुखीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

तुऱ्याबद्दल तुम्ही ऐकले ते खरे आहे. काही जेल कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात, तर काही जिवाणूंच्या साहाय्याने आंबवणाच्या प्रक्रियेतून तयार करतात. आपले औषध कोणत्या प्रकारचे, हे त्याच्या माहितीपत्रकावरून कळते. तुम्ही विचारल्यावर त्याचे उत्तर मिळाले पाहिजे. तो तुमच्या श्रद्धेचा विषय आहे. अंडी किंवा कोंबडी यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर ते विचारल्यावाचून इंजेक्शन घेऊच नये.

प्रश्न : आजीचे वय ७४. पाय धनुष्यासारखे वाकले आहेत, एक्स-रेत हाडाला हाड लागलेले दिसते, रात्री झोपेतही दुखते. आमच्या सिडकोच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे ती वर्षभर घराबाहेर पडलेली नाही. जेल घेऊन ऑपरेशन टाळता येईल का? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही. इतक्या झिजेत जेलवर खर्च करू नका. आजींची प्रकृती भूल देण्यास योग्य असेल तर गुडघाबदलाच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा. ७४ हे वय त्याच्या आड येत नाही, मात्र वर्षभर न चालल्यामुळे दुबळे झालेले पाय आड येतात, म्हणून वर सांगितलेला गुंडाळीचा व्यायाम आजपासूनच सुरू करावा. त्याचा उपयोग ऑपरेशननंतर उभे राहताना होईल. कोणी आधी एखादे इंजेक्शन देऊन पाहू म्हणाले, तर हेही लक्षात ठेवा की गुडघ्यात कोणतेही इंजेक्शन दिल्यावर संसर्गाच्या भीतीने शस्त्रक्रिया साधारण तीन महिने पुढे ढकलावी लागते.

खर्चाबाबत एक गोष्ट माहीत असू द्या. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ पासून कमाल मर्यादा घातली आहे. दोन-तीन ठिकाणी अंदाजपत्रक मागा आणि त्यात कृत्रिम सांध्याची कंपनी, प्रकार व किंमत शस्त्रक्रियेच्या खर्चापासून वेगळी लिहून घ्या.